झाकणावरचा माड

मुकादमचाचा माणसाच्या तोंडाकडे बघून बोलत नाहीत. ते जमिनीकडे बघून बोलतात. मी सौदीतल्या अल खोबरच्या आमच्या हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट म्हणून रुजू झाले, त्याच आठवड्यात नर्सेसनी मला बाजूला घेऊन सांगितलं की स्टोअरमधला तो पांढऱ्या दाढीचा माणूस बायकांच्या पायांकडे बघतो, जपून राहा. मी मुळात संशयी. नाशिकला रिक्षात बसतानासुद्धा मी आधी मीटर बघते आणि मग रिक्षावाल्याचा चेहरा. त्यामुळे या बातमीवर माझा विश्वास चटकन बसला.

त्यात एका संध्याकाळी ड्यूटी संपवून घरी निघाले तर हा माणूस माझ्या मागे. मी थांबले की तोही थांबे. मी निघाले की तोही निघे, आणि मान खाली ती खालीच. शेवटी मी वळले आणि चढ्या आवाजात हिंदीतून विचारलं की काय पाहिजे. त्याने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. माझ्या पायाकडे बोट दाखवलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाला, "बाई, जरा बाजूला होता का? तुम्ही झाकणावर उभ्या आहात."

मी झाले बाजूला. तो खाली वाकला, रुमालाने झाकणावरची वाळू झटकली, मान तिरकी करून नक्षी बघितली आणि मोबाइलवर तिचा फोटो काढला. मग उठून, अजूनही जमिनीलाच सांगत असल्यासारखा म्हणाला, "लाटा काढल्यात. समुद्र इथं हाकेच्या अंतरावर असताना गटाराच्या झाकणावर लाटा कशाला? कुठेतरी पाणी मुरतंय."

ही आमची पहिली ओळख. पाणी मुरतंय हे त्यांचं पालुपद आहे हे मला पुढे कळलं. या वाळवंटी देशात जितकं पाणी मुरत नसेल तितकं मुकादमचाचांच्या बोलण्यात मुरतं.

बशीर मुकादम मूळचे श्रीवर्धनकडचे. आयुष्याचा मोठा भाग सौदीत गेला, आणि त्यातला बराचसा आमच्या हॉस्पिटलच्या स्टोअरमध्ये. स्टोअर सांभाळण्यासाठी जन्माला यावं असा माणूस. सील केलेला खोका हाती आला की चाचा आधी सील शाबूत आहे का बघतात, आणि शाबूत असलं की ते इतकं चांगलं का लावलंय याचा विचार करत बसतात. एकदा हातमोज्यांचे खोके वेळेच्या आधी आले, तर त्यांनी ते दोन दिवस उघडलेच नाहीत. वेळेआधी आलेल्या मालावर त्यांचा विश्वास नाही. आम्ही सगळे तेवढे दिवस हातमोज्यांसाठी दुसऱ्या वॉर्डांच्या विनवण्या करत फिरलो.

टॅक्सीवाल्याला ते आपल्या इमारतीचा पत्ता कधीही सांगत नाहीत. अलीकडच्या गल्लीत उतरतात, टॅक्सी दिसेनाशी होईपर्यंत मोबाइलमध्ये बघितल्यासारखं करतात आणि मग चालत घरी येतात. इकामा, म्हणजे इथला राहण्याचा परवाना, शर्टाच्या आतल्या खिशात, आणि त्या खिशाला सेफ्टी पिन. ऑफिसात कुणी काम 'बुकरा' होईल म्हणालं की चाचा विचारणार, "कुठला उद्या?" फोन ते कधी कानाला लावत नाहीत, कारण फोन कानाला लावला की तो डोक्यातलं ऐकतो असं त्यांनी कुठेतरी वाचलंय. म्हणून प्रत्येक बोलणं स्पीकरवर. ते आमच्या खालच्याच मजल्यावर एका खोलीत राहतात, त्यामुळे श्रीवर्धनमध्ये कुणाच्या विहिरीचा पंप जळला हे आमच्या अख्ख्या जिन्याला ठाऊक असतं.

मला ते डॉक्टरीणबाई म्हणतात. मी डॉक्टर नाही, फिजिओथेरपिस्ट आहे, हे सांगून मी थकले. त्यांचा संशय असा, की मी डॉक्टरच आहे, पण शेजारपाजारचे लोक गुडघे घेऊन घरी येतील म्हणून कबूल करत नाही. यातला निम्मा संशय खरा आहे, म्हणून मी आता गप्प बसते.

एवढं असूनही हा माणूस आमच्या घरचा झाला तो मासळीमुळे. दर शुक्रवारी ते कतीफच्या बाजारातून सुरमई आणत आणि अर्धी आमच्याकडे देत. एकदा त्यांच्याबरोबर मीही गेले होते. माशाचे कल्ले उघडून, त्याच्या डोळ्यांत डोळे घालून ते इतका वेळ उभे राहिले की विकणाराच अस्वस्थ झाला. माणसांच्या तोंडाकडे न बघण्याची सगळी कसर ते तिथे भरून काढतात.

पण खरं वेड झाकणांचं. खोबरमध्ये समुद्राकाठी नवी वस्ती झाली आहे. संगमरवरी बाक, खजुरांच्या रांगा, रात्री रंग बदलणारी कारंजी. तिथे गटारांची, पाण्याची, केबलची झाकणंसुद्धा नक्षीदार. कुठे मोत्याचा शिंपला, कुठे शिडाचं गलबत, कुठे चांदण्यांची जाळी. पैसेवाल्या गावाची हौस, एवढंच मला त्यात दिसायचं. चाचांना त्यात कट दिसायचा. त्यांचं म्हणणं सरळ होतं. आपल्याकडे गटार उघडं असलं की लोक त्यात झाडाची फांदी खोचतात, म्हणजे येणाऱ्याला कळतं की इथे खड्डा आहे. तो प्रामाणिकपणा झाला. इथे मात्र खड्ड्यावर चित्र काढतात. ज्याला काही लपवायचं नाही, तो एवढी नक्षी का करेल?

मग ते प्रत्येक नव्या झाकणाचा फोटो काढत, आणि झाकण कामासाठी उघडून ठेवलेलं असलं तर पालथ्या बाजूचाही. मागे कुठल्या देशात ओतलंय ते लिहिलेलं असतं. ते वाचायला हा साठीचा माणूस फुटपाथवर पालथा झालेला मी स्वतः पाहिलाय. एकदा एका सिक्युरिटी गार्डने त्यांना हटकलं की गटाराचे फोटो का काढतोस. साधा प्रश्न होता. चाचांनी उलट त्याचंच ओळखपत्र मागितलं. माझा नवरा मिलिंद मध्ये पडला, चाचांच्या डोक्यावर थोडा परिणाम झालाय असं त्याने गार्डला खुणेने सांगितलं आणि त्यांना सोडवून आणलं. चाचांनी ती खूण पाहिली होती. पुढचे दोन शुक्रवार आम्हाला सुरमई मिळाली नाही.

तर गेल्या हिवाळ्यात त्याच वस्तीतल्या एका आडगल्लीत नवी झाकणं बसू लागली. त्यांच्यावर झाड होतं. खजूर, असं सगळे समजत होते, कारण सौदीत गोल पाटीवर दुसरं कुठलं झाड असणार? चाचा मात्र पहिलं झाकण बघून थेट आमच्या घरी आले. चपला काढायच्या आधीच त्यांनी फोटो दाखवला आणि म्हणाले, "हा खजूर नाही. हा माड आहे."

माड म्हणजे नारळाचं झाड, हे आम्हा घाटावरच्यांना सांगावं लागतं म्हणून त्यांनी ते सांगितलं. मग त्यांनी पुरावे मांडले. खजूर ताठ उभा असतो, हा एका अंगाला कललाय. खजुराला फळांचे घड लोंबतात, इथे शेंड्याखाली गोल गोल नारळ आहेत. आणि खोडावर पायऱ्यांसारख्या खाचा आहेत. नारळ उतरवायला पाडेली वर चढतो, त्याला पाय ठेवायला कोकणात माडाला अशा खाचा पाडतात. सौदी अरेबियात पाडेली कुठून आला?

आमची मुलगी अभ्यासातून मान वर करून म्हणाली, "अंकल, इट्स जस्ट अ ट्री." तिच्याकडे त्यांनी इतक्या दुःखाने पाहिलं की ती पुस्तक घेऊन आत निघून गेली.

त्यानंतर चाचांना दुसरा विषय उरला नाही. एवढं श्रीमंत गाव, आणि कुणी लबाडाने त्यांच्या गळ्यात माड बांधला. ज्याने हे झाड कोरलं त्याने जन्मात खजूर पाहिलेला नाही, असा निकाल त्यांनी दिला. स्टोअरमध्ये माल घ्यायला जाणाऱ्या प्रत्येकाला आधी फोटो बघावा लागे. केरळच्या नर्सेसनी तो नारळच आहे असं एकमुखाने सांगितल्यावर तर त्यांना चेव आला. शेवटी बलदियाच्या, म्हणजे इथल्या नगरपालिकेच्या, ॲपवर तक्रार करायची ठरली. त्यांचा स्वतःच्या फोनवर विश्वास नाही, म्हणून तक्रार माझ्या फोनवरून झाली. मजकूर त्यांनी सांगितला, मी टाइप केला, आणि खरं सांगायचं तर मलाही जरा मजा वाटत होती.

नगरपालिकेकडे तक्रार केली की ती कुठे जाते हे मला नाशिकच्या अनुभवावरून माहीत होतं. इथे आठवड्याच्या आत इंजिनिअर आला. फहद नावाचा तरुण, हसरा मुलगा. त्याने चाचांबरोबर गल्लीत फिरून झाकणं पाहिली, डोक्याला हात लावला आणि काम थांबवलं. न बसवलेली झाकणं रस्त्याच्या कडेला रचून ठेवली गेली. माल पुरवणाऱ्या कंपनीला कळवण्यात आलं की सगळा माल परत जाणार.

चाचांनी त्या दिवशी अख्ख्या हॉस्पिटलात खजूर वाटले. आयुष्यभर संशय घेतला, आणि एकदाचा एक खरा निघाला. संध्याकाळी आमच्याकडे चहाला आले, आणि बायकोला ही बातमी सांगायला आमच्याच दिवाणखान्यातून फोन लावला, अर्थातच स्पीकरवर.

रुकय्याचाची श्रीवर्धनला घरी असतात. मी त्यांना पाहिलेलं नाही, पण स्पीकरमुळे त्यांचा आवाज चांगला ओळखते. ती दोघं आपल्या कोकणी बोलीत बोलतात, मी माझ्या मराठीत सांगते. चाचांनी सगळी हकीगत रंगवून सांगितली. कुणी गाढवाने खजुराच्या जागी माड कोरला, खोडाला खाचासुद्धा पाडल्या, आणि आपण तो कसा पकडला.   मग चाची हळू आवाजात म्हणाल्या, "अहो, तो माड आपल्या आगरातला आहे."

 चाचीच पुढे बोलत राहिल्या. वादळात कलला तो विहिरीकडचा माड. साजिदने कोरलाय. तुमच्याच खोबरमध्ये बसणार म्हणून पोर किती खुशीत होतं, पण तुम्हाला सांगू नको म्हणाला, अब्बांना आपणहून दिसू दे. आणि आता मालकाने सांगितलंय की माल परत आला तर तूही फाउंड्रीत येऊ नकोस.

फोन कधी बंद झाला मला कळलं नाही. साजिद कोण, हे मात्र आम्हाला विचारावं लागलं, कारण इतक्या शुक्रवारांत चाचांनी त्याचं नावही काढलेलं नव्हतं. आमची समजूत अशी की त्यांना एक मुलगी आहे आणि ती लग्न होऊन महाडला असते.

साजिद त्यांचा मुलगा. चाचांनी कफीलचे, म्हणजे व्हिसा देणाऱ्या इथल्या मालकाचे, पाय धरून त्याच्यासाठी व्हिसा मिळवला होता, आपल्याच हाताखाली, स्टोअरमध्ये. तो येणार त्या दिवशी ते दम्मामच्या विमानतळावर शेवटचा प्रवासी बाहेर येईपर्यंत उभे राहिले. मग पुढच्या विमानासाठीही थांबले. साजिद विमानात बसलाच नव्हता. आयटीआयच्या मित्राबरोबर तो कोल्हापूरला निघून गेला होता, तिथल्या फाउंड्रीत पॅटर्न बनवायला शिकायला. फाउंड्रीत वस्तू आधी लाकडात कोरतात, तिचा वाळूत साचा घेतात आणि मग लोखंड ओततात. ते लाकडात कोरायचं काम. आणि त्या फाउंड्रीत बनतात गटारांची झाकणं, जगभर जाणारी. चाचांची कफीलपुढे मान खाली गेली. त्या दिवसापासून बाप-लेक एकमेकांशी बोलले नव्हते.

मला तेव्हा उमगलं की झाकणांचं वेडही तेव्हापासूनचंच असणार. लाटा, शिंपले, कट, लबाडी, सगळं नुसतं बोलायला. फुटपाथवर पालथे होऊन ते पालथ्या बाजूला काय वाचत होते ते आता मला कळलं, आणि मिलिंदलाही कळलं, कारण तो उगाचच उठून स्वयंपाकघरात गेला. चाचा आमच्या फरशीकडे बघत होते.

"एवढी झाकणं बघितली, डॉक्टरीणबाई," ते म्हणाले. "पोराचं आलं आणि ओळखलं नाही. आपल्या आगरातलं झाड, आणि मी कोरणाऱ्याला लबाड म्हटलं."

मला फार वाईट वाटलं. मी काहीतरी समजुतीचं बोलले, ते मलाच पोकळ वाटलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही फहदच्या साइटवरच्या केबिनमध्ये गेलो. तक्रार माझ्या फोनवरून झाली होती, म्हणून मलाही जाणं भाग होतं. चाचांना अरबी उत्तम येतं. आत शिरल्या शिरल्या त्यांनी सांगितलं की आपली चूक झाली, ते झाड खजूरच आहे. फहदने फोटो समोर धरून नारळांवर बोट ठेवलं. चाचा म्हणाले, मोठ्या जातीचा खजूर आहे. फहदने कललेलं खोड दाखवलं. चाचा म्हणाले, वारा असेल. खाचा दाखवल्या, तर ते कोरणाऱ्याचा हात थरथरला असेल म्हणाले. आठवडाभर ज्या पुराव्यांनी या माणसाने अख्खं हॉस्पिटल हैराण केलं होतं, ते एकेक करून तो स्वतःच मोडत होता, आणि एकही नीट मोडत नव्हता.

फहदचा चेहरा बदलला. त्याने केबिनचं दार लावून घेतलं आणि शांतपणे विचारलं की तुला इथे कुणी पाठवलं, कंपनीने का? हे विचारणं रास्तच होतं. मी त्याच्या जागी असते तर मीही तेच विचारलं असतं. खुद्द चाचा तर त्याच्याही आधी विचारून मोकळे झाले असते. पण संशय घेण्यात हयात गेलेल्या माणसाला स्वतःवरचा संशय कसा झेलायचा ते माहीत नव्हतं. ते घाबरले, त्यांनी खिशाची सेफ्टी पिन काढून इकामा टेबलावर ठेवला, आणि मग वर बघितलं. सरळ त्या मुलाच्या तोंडाकडे.

"माझ्या मुलाने कोरलाय," ते म्हणाले. "त्याने खजूर कधी पाहिला नाही. मी त्याला दाखवला नाही."

 फहदने इकामा परत चाचांच्या हातात दिला आणि फोटो मोठा करून विचारलं की या खाचांवर पाय ठेवून खरंच कुणी वर चढतं का. चाचा म्हणाले, पाडेली चढतो. लहानपणी साजिदही चढायचा, आणि खाली उभं राहून आपण ओरडायचो. मी रजेवर असलो तर, असं त्यांनी जरा थांबून जोडलं.

फहदने काय केलं ते सांगते. आडगल्लीत बसलेली झाकणं तशीच ठेवली. रस्त्याच्या कडेला रचलेली मागच्या पार्किंगमध्ये लावायला सांगितली, तिथे कुणी झाड बघायला येत नाही. मोठ्या रस्त्यासाठी मात्र नवा पॅटर्न हवा, खराखुरा खजुराचा, आणि तो त्याच कारागिराने केला तर आपली हरकत नाही. पण आपण कंपनीला लिहिणार, कंपनी एजंटला, एजंट कोल्हापूरला, आणि शेवटी पुन्हा एखादा भलताच वृक्ष उगवायचा. त्यापेक्षा ज्याला दोन्ही झाडं माहीत आहेत त्याने पोराला समजावून सांगावं.

चाचा म्हणाले, आमचं बोलणं नाही.

"मग त्याला खजूर कोण सांगणार?" फहदने विचारलं आणि फाइल मिटली.

त्या संध्याकाळी चाचा आमच्या जेवणाच्या टेबलाशी येऊन बसले. नंबर चाचींकडून घेतला होता. तो लावायला त्यांनी इतका वेळ घेतला की समोरचा चहा दोनदा गरम करावा लागला. रिंग वाजली आणि पलीकडून एक तरुण आवाज हॅलो म्हणाला. चाचा काहीच बोलले नाहीत. बराच वेळ गेल्यावर त्याच आवाजाने विचारलं, "अब्बा?"

"खजूर सरळ वाढतो," चाचा म्हणाले.

आणि मग ते सांगत सुटले. मी एवढं सविस्तर कुणाला काही सांगताना ऐकलेलं नाही. खोड गुळगुळीत नसतं, जुनी पानं छाटल्याचे खवले राहतात. पान झावळीसारखं लोंबत नाही, ताठ असतं, टोकाला टोचतं. फळ घडाने येतं, केळीच्या दांड्यासारखा दांडा असतो. पलीकडून मध्येच एखादा हुंकार येई. एकदा साजिदने विचारलं, खाचा? चाचा म्हणाले की खाचा नाहीत, इथले लोक कमरेला दोर बांधून चढतात. मग तो दोर कसा असतो तेही सांगितलं. माफीचं कुणी बोललं नाही, विमानतळाचं नाही, माडाचं नाही. शेवटी चाचांजवळचं खजुराबद्दलचं सगळं ज्ञान संपलं.

"समजलं का?" त्यांनी विचारलं.

 साजिद म्हणाला, "नाही समजलं, अब्बा. उद्या परत सांगाल?"

लाकडात पान न् पान कोरणाऱ्या पोराला एवढं कळलं नसेल, यावर माझा काडीचा विश्वास बसला नाही. मुकादमचाचांचा ताबडतोब बसला.

"सांगतो," ते म्हणाले. "उद्या याच वेळेला सांगतो."